‘लक्ष ठेवा’ एवढं सांगून भागत नाही: बाळाच्या सुरक्षिततेचे धडे गरोदरपणातच हवेत

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाच्या सुमाराला एक जोडपं साडेचार महिन्यांच्या मुलाला घेऊन आलं. बाळ पलंगावरून फरशीवर पडलं होतं. पाऊस सुरू झाला म्हणून आई दोन मिनिटांसाठी गॅलरीतले कपडे काढायला गेली होती. मी बाळाला नीट तपासलं. कपाळावर टेंगूळ होतं, बाकी स्वारी खुशीत होती, माझा स्टेथोस्कोप ओढत होती. आईची अवस्था मात्र बघवत नव्हती. तिच्या मागे उभ्या असलेल्या सासूबाई माझ्याशी बोलल्यासारखं करत, पण तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिचं लक्ष कुठे असतं कुणास ठाऊक." आई डोळे पुसत एवढंच म्हणाली, "डॉक्टर, कालपर्यंत हा पालथा पडत नव्हता हो."

हे ‘कालपर्यंत’ मी फार वेळा ऐकलं आहे. कालपर्यंत रांगत नव्हती. कालपर्यंत तिचा हात टेबलापर्यंत पोचत नव्हता. कालपर्यंत तो फक्त वरणभातच तोंडात घेत होता. यातली एकही आई खोटं बोलत नसते. साधारण चौथ्या महिन्यात बाळ कुशीवर वळू लागतं, पाचव्यात हाताला लागेल ते तोंडात घालतं, सहाव्या-सातव्यात बसतं, आठव्या-नवव्यात रांगतं आणि त्याच सुमाराला धरून उभंही राहतं. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जमिनीवरचा शेंगदाणा उचलता येऊ लागतो. यातलं पहिलं वळणं, पहिली चिमूट कुणाला सांगून येत नाही. ते पहिल्यांदा घडतं तेव्हा खाली गादी आहे की फरशी, हातात खुळखुळा आला की रिमोटचा सेल, हे घराच्या मांडणीवर ठरतं. आईच्या मायेवर नाही.

माझंच उदाहरण देतो. माझी मुलगी आठ महिन्यांची होती. रविवारची सकाळ, बायको बाजारात गेलेली, मी टीपॉयवर चहा ठेवून पोरीला समोर बसवलं होतं. टीपॉयवर आमच्या आईने विणलेलं छान कापड होतं, त्याची झालर खाली लोंबत होती. पोरीने ती धरून ओढली. मी तिच्याकडेच बघत होतो, अगदी समोर, हातभर अंतरावर. तरी कप उपडा झाला आणि चहा तिच्या हातावर सांडला. तो डाग आजही तिच्या मनगटाच्या वर आहे. मला बालरोगतज्ज्ञ होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आणि गंमत बघा, नंतर नातेवाईकांनी "लक्ष कुठे होतं?" असं विचारलं ते माझ्या बायकोला. ती घरातच नव्हती.

तेव्हापासून ‘बाळाकडे लक्ष ठेवा’ हे वाक्य मी सल्ला म्हणून देत नाही. लक्ष हे माणसाचं असतं आणि माणूस झोपतो, दमतो, त्याच्या दाराची बेल वाजते. रात्री चार वेळा उठलेल्या बाईकडून चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसायची अपेक्षा करायची आणि अपघात झाला की तिला दोष द्यायचा, याला मी तरी आरोग्यशिक्षण म्हणणार नाही. लक्ष चुकलं तरी बाळाला इजा होणार नाही, असं घर मांडता येतं. ते मांडायला वेळ लागतो, डोकं शांत असावं लागतं आणि चार हात मोकळे असावे लागतात. बाळ झाल्यावर यातलं काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून हे शिक्षण गरोदरपणात, सातव्या महिन्याच्या आसपास व्हायला हवं आणि ते डॉक्टरांनी आपलं काम समजून द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आज काय होतं? नऊ महिन्यांत चार-पाच सोनोग्राफ्या होतात, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं, सगळं वेळच्या वेळी होतं. काय खावं, कुठल्या कुशीवर झोपावं, कोणतं संगीत ऐकावं यावर वर्ग भरतात. पण आंघोळीच्या पाण्यात आधी गार ओतायचं की गरम, हे त्या संपूर्ण काळात कुणी सांगत नाही. ते सांगायचं काम आम्हा बालरोगतज्ज्ञांवर येतं आणि आम्ही ते डिस्चार्जच्या दिवशी करतो. तेव्हा आईचे टाके ओढत असतात, बाबा बिलाच्या काउंटरवर असतात, आजी पिशव्या भरत असते. पाच मिनिटांत आम्ही जे बोलतो त्यातलं घरी किती पोचतं, हे वेगळं सांगायला नको.

पुढची भेट लसीकरणाची. सहा, दहा आणि चौदा आठवडे. तिथे बाळ रडत असतं आणि सगळे प्रश्न ‘ताप येईल का’ यावर असतात. सरकारी वेळापत्रकात त्यानंतरची लस थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर. म्हणजे वळणं, बसणं, रांगणं, वस्तू तोंडात घालणं हा सगळा उद्योग ज्या काळात सुरू होतो, नेमक्या त्याच साडेपाच महिन्यांत बाळ लसीसाठी कुठेच जात नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, ती परदेशी पुस्तकांत सापडत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. आई सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, बाळ तिथे जन्मतं, तीनेक महिने तिथे राहतं. माहेरी जमिनीवर गाद्या घातलेल्या असतात, आजी रजा काढून बसलेली असते, अंगणात पाळणा असतो. मग बाळाला थाटामाटाने सासरी आणतात. तिथे डबलबेड, गुळगुळीत टाइल्स, कमोड, वॉशिंग मशीन, हाताच्या अंतरावर प्लगपॉइंट. आणि बाळ आता वळायच्या बेतात. जिथे बाळ खऱ्या अर्थाने वाढणार ते घर तयार झालेलंच नसतं आणि ज्याने ते तयार करायचं तो बाप गेले तीन महिने फक्त शनिवार-रविवारी बाळाला बघायला येत असतो. त्यामुळे मी गरोदर जोडप्याला पहिला प्रश्न विचारतो तो, "बाळंतपण कुठे आणि चौथ्या महिन्यात बाळ कुठल्या घरी?" दोन्ही घरांचा विचार करावा लागतो.

आता घरात काय बघायचं ते सांगतो. सगळं सांगत बसत नाही, जे वारंवार बघितलं आहे तेवढंच.

सुरुवात न्हाणीघरापासून. आपल्याकडे बाळाची आंघोळ हा सोहळा असतो. मावशी येतात, पाटावर बसून पाय लांब करतात, बाळाला पायांवर घेतात, तेल चोळतात आणि मग कढत पाण्याचा मारा. "पाणी कडक असलं की बाळ शांत झोपतं" असं म्हणतात. मालिशला माझा विरोध नाही, हलक्या हाताने केलेली मालिश बाळाला आवडते. पण बाळाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते. 60 अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसालासुद्धा साधारण पाच सेकंदांत खोल भाजतं, बाळाला त्याहूनही लवकर. तेच पाणी 49 अंशांचं असेल तर त्याला काही मिनिटं लागतात. घरातले साठवणीचे गिझर बहुतेक वेळा 60 च्या पुढे लावलेले असतात. गिझरवरचं बटण फिरवून ते 50 च्या खाली आणायचं काम गरोदरपणातच, एकदाच, बाबांनी करायचं. बंबाचं किंवा चुलीवरचं पाणी असेल तर बटण नाही, मग क्रम पाळायचा: बादलीत आधी गार पाणी, मग गरम, मग हाताने ढवळणं, मग कोपर बुडवून बघणं. कढत पाण्याची दुसरी बादली बाळाशेजारी ठेवून मगाने ‘लागेल तसं’ ओतायची पद्धत बंद. पाणी आंघोळीच्या आधी पूर्ण विसणलेलं हवं.

मावशींशी बोलायचं कसं, हा अवघड भाग. "मी चाळीस वर्षं बाळं न्हाऊ घालतेय, तुमच्या नवऱ्यालाही मीच घातलंय," यावर पंचवीस वर्षांच्या आईकडे उत्तर नसतं. म्हणून मी मावशींनाच बोलावून घेतो. खुर्ची देतो, चहा देतो आणि विचारतो की तेल लावलेलं बाळ हातातून निसटू नये म्हणून तुम्ही काय करता? त्या बरंच काही शिकवतात. मग मी माझ्या तीन गोष्टी सांगतो: बाळाच्या नाकात-कानात तेल सोडायचं नाही, बाळाला पाय धरून उलटं करायचं नाही, पाण्यात कोपर बुडवल्याशिवाय मग उचलायचा नाही. नाकात सोडलेलं तेल श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं आणि त्याने होणारा न्यूमोनिया महिनोन्महिने रेंगाळतो. हे एकदा नीट समजावलं की बहुतेक मावशी ऐकतात, शिवाय पुढच्या दहा घरी तेच सांगतात. माझ्या पत्रकापेक्षा त्यांचा प्रसार मोठा आहे.

आंघोळीनंतरचा शेक आणि धुरी हाही प्रकार असतो. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचंही तेच. शेगडी खोलीत नकोच आणि गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर.

न्हाणीघरातली दुसरी गोष्ट बादली. रांगणारं, धरून उभं राहणारं बाळ भरलेल्या बादलीत वाकून बघतं. त्याचं डोकं बाकी शरीराच्या मानाने जड असतं, ते तोंडावर आत जातं आणि त्याला परत बाहेर येता येत नाही. बादली जड असल्याने कलंडतही नाही. ओंजळभर खोल पाणीही पुरतं आणि आवाज होत नाही. हे एकदा बघितलं की विसरता येत नाही, त्यामुळे जास्त लिहीत नाही. आपल्या बऱ्याच गावांत नळाला दिवसाआड पाणी येतं, तेव्हा ‘पाणी साठवू नका’ असं म्हणण्यात अर्थ नाही. पण पिंपाला घट्ट बसणारं झाकण आणता येतं, वापरून झालेली बादली उपडी ठेवता येते आणि न्हाणीघराच्या दाराला वरच्या बाजूला, बाहेरून कडी बसवता येते. सुतार किंवा फॅब्रिकेशनवाला बोलवायचा तो सातव्या महिन्यात. नवव्या महिन्याच्या बाळाला कडेवर घेऊन तो सापडत नाही.

पलंगाबद्दल एक कबुली देतो. "आमच्या काळी असलं काही नव्हतं" असं आजी म्हणते तेव्हा ती निम्मी बरोबर असते. तिच्या काळी बाळ जमिनीवरच्या गादीवर झोपायचं, पडायचं कुठून? अडीच फूट उंच डबलबेड आपण आणला आणि मग त्याभोवती उशांचा कोट रचू लागलो. उशांचा काही उपयोग नाही. बाळ त्यावर चढून आणखी उंचावरून पडतं किंवा तोंड उशीत रुततं. वळता येत नसलेलं बाळही टाचा रेटत सरकतं, हे लक्षात घ्या. उत्तर सोपं आहे: गादी जमिनीवर. किंवा उंच कठड्याचा पाळणा. लंगोट बदलायचा तोही जमिनीवर.

झोपवायचं पाठीवर, उताणं. अमेरिकेत 1994 साली हीच एक गोष्ट घरोघरी सांगायची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आलं. आपल्याकडे याला जोडून मोहरीची उशी येते. डोकं गोल व्हावं म्हणून घरी कौतुकाने शिवतात. त्या मायेबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, पहिलं वर्षभर बाळाला कुठलीच उशी नको, जाड गोधडी तोंडापर्यंत नको, मऊ खेळणी अंथरुणात नकोत. गळ्यातला काळा दोरा, ताईत, सोन्याची साखळी हेही झोपताना काढायचं. दोरा कशात तरी अडकला तर फास बसतो. दृष्ट लागू नये म्हणून बांधायचाच असेल तर पायात बांधा, तोही मण्यांशिवाय. मणी सुटतात आणि तोंडात जातात.

साडीच्या झोळीबद्दल विचारतात. शेतावर, बांधकामावर तिला पर्याय नसतो, त्यामुळे मी सरसकट बंदी सांगत नाही. जमिनीपासून वीतभरच उंच बांधा, बाळाची हनुवटी छातीला टेकलेली नाही ना आणि नाकावर कापड नाही ना हे बघा, आणि बाळ वळायला लागलं की झोळी बंद करा.

वॉकर हा विषय मी एका वाक्यात संपवतो: आणू नका. त्याने बाळ लवकर चालत नाही, उलट थोडं उशिरा चालतं, आणि जिन्यापर्यंत, गॅसपर्यंत फार पटकन पोचतं. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आपला जुना लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा बरा. त्याला धरून बाळ स्वतःच्या पायांवर उभं तरी राहतं. बारशाला वॉकर आणणाऱ्या काका-मावशींना आधीच सांगून ठेवा.

आता एक विरोधाभास. घरातल्या सर्वांत धोकादायक वस्तूंपैकी एक आम्ही डॉक्टरच तुम्हाला देतो. लोहाच्या गोळ्या. सरकारी कार्यक्रमात गरोदरपणी 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस रोज एक, आणि प्रत्येक गोळीत 60 मिलिग्रॅम लोह. आईसाठी त्या अत्यंत गरजेच्या आहेत, एकही चुकवू नका. पण मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे 60 मिलिग्रॅमच्या वर लोह पोटात गेलं तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणजे बारा किलोच्या मुलाला बारा गोळ्या. लाल रंगाच्या, दिसायला चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या. रांगणारं बाळ पट्टी फोडू शकणार नाही, पण अडीच-तीन वर्षांचं थोरलं भावंड फोडतं, स्वतः खातं आणि प्रेमाने धाकट्यालाही भरवतं. विसरू नये म्हणून गोळ्या जेवणाच्या टेबलावर किंवा फ्रिजवरच्या टोपलीत ठेवल्या जातात. ती पद्धत पहिल्या दिवसापासून मोडायची. गोळ्या वरच्या, कडी लागणाऱ्या कपाटात आणि आठवणीसाठी मोबाइलचा गजर.

त्याच कपाटात कापूर, डांबराच्या गोळ्या, निलगिरीचं तेल आणि डास पळवायच्या यंत्राची भरलेली बाटली जाऊ दे. कापराची छोटी वडीही लहान मुलाला झटके आणू शकते, हे देवघरात खालच्या खणात कापराची डबी ठेवणाऱ्यांना बहुधा माहीत नसतं. संडास धुवायचं आम्ल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. आणि असं काही मुलाच्या पोटात गेलंच, तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन थेट दवाखान्यात या.

घशात अडकणाऱ्या वस्तूंची यादी आपापल्या घरानुसार बदलते. शेंगदाणे, फुटाणे, सीताफळाच्या बिया, चिंचोके, सुपारीचं खांड, टिकल्या, पिना. पण माझ्या लेखी सगळ्यांत वाईट म्हणजे रिमोटमधला आणि गाणं म्हणणाऱ्या खेळण्यांतला गोल चपटा सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. ज्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही ते घरात नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं आणि त्याला रडता-खोकता येत नसेल, तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्यायच्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या भागावर पाच वेळा दाबायचं आणि वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून हेच करत राहायचं. त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी 108 ला फोन करायचा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हात बसवावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक होऊ घातलेल्या बापाकडून मी ते करवून घेतो. दहा मिनिटं लागतात. पहिल्यांदा सगळेच लाजतात.

एक विषय घराच्या मांडणीत बसत नाही, पण सोडणं शक्य नाही. रडणं. दुसऱ्या महिन्यात बाळाचं रडणं टिपेला पोचतं, कधी कधी तास-दोन तास, काही केल्या थांबत नाही, आणि त्यानंतर हळूहळू कमी होतं. थकलेलं माणूस अशा वेळी बाळाला खांद्यांना धरून गदागदा हलवू शकतं. चांगली, प्रेमळ माणसं हे करतात. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, बफेलोच्या आसपास, 1998 च्या अखेरीपासून बाळ घरी नेण्यापूर्वी दोन्ही पालकांना हे समजावून सांगायला आणि समजल्याची सही घ्यायला सुरुवात झाली. पुढच्या काही वर्षांत तिथे अशा इजा जवळपास निम्म्या झाल्या. पण तोच उपक्रम पेनसिल्व्हेनिया राज्यभर राबवला तेव्हा रुग्णालयात दाखल होणाऱ्या बाळांच्या संख्येत तसा फरक दिसला नाही. मी दोन्ही गोष्टी सांगतो, कारण नुसत्या सांगण्यावर माझा भरवसा तेवढाच आहे. तरीही हे ऐकून ठेवा: रडू असह्य झालं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जायचं. पाळण्यात रडणाऱ्या बाळाला काही होत नाही. आणि रात्री अकरा ते दोन बाळ कुणाकडे, हे डोहाळजेवणाच्या आधीच ठरवून टाका.

सांगण्याला वस्तूची जोड दिली की काय होतं, याचं जुनं उदाहरण न्यूयॉर्क शहराचंच आहे. तिथे उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुलं पडत असत. 1972 मध्ये आरोग्य खात्याने घरोघरी जाऊन पालकांना समजावलं आणि सोबत खिडकीला बसवायचे गज फुकट दिले. पडण्याचं प्रमाण झपाट्याने घसरलं आणि 1976 मध्ये लहान मुलं असलेल्या घरांना गज बसवून देणं घरमालकांवर बंधनकारक झालं. आपल्याकडे चोरांच्या भीतीने ग्रिल आधीपासूनच असतात, ते बरंच झालं. पण फुलांच्या कुंड्यांसाठी बाहेर काढलेल्या ग्रिलमध्ये मूल बसवून भरवणाऱ्या आज्या मी बघितल्या आहेत.

मग हे शिकवायचं कुठे? नवी योजना नको. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तपासणी होते, तिथे नंबर लागेपर्यंत त्या तासन्‌तास बसलेल्या असतात. त्या वेळात एक बादली, एक बाहुली आणि गोळ्यांची एक पट्टी घेऊन नर्सला सगळं दाखवता येईल. आशाताई बाळंतपणानंतर सहा वेळा घरी येतात आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यातही येतात. घरी जाऊन शिकवल्याने बाळं वाचतात, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत केव्हाच दाखवून दिलं आहे. त्यांच्या कामातला विषय जंतुसंसर्ग आणि थंडी वाजणं हा होता, पण घरात पोचण्याची वाट तीच आहे. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यामुळे हे वाढीव काम वाढीव मोबदल्याशिवाय लादू नये, हेही मला वाटतं. आणि खासगीत स्त्रीरोगतज्ज्ञांनी सातव्या महिन्यात जोडप्याला एकदा बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावं. बाळ पोटात असताना बाळाच्या डॉक्टरकडे कशाला, असं लोक हसून विचारतात. त्याच वेळी ऐकायला सवड असते, म्हणून.

"बाळ व्हायच्या आधी तयारी करू नये, अपशकुन होतो," असंही ऐकायला मिळतं. मी वाद घालत नाही. या तयारीत बाळासाठी विकत असं काही आणायचंच नाही, घरात आहे तेच हलवायचं आहे, असं सांगितलं की आजींनाही पटतं. खरं तर त्याच मग सगळ्यांत उत्साहाने कामाला लागतात.

गेल्या महिन्यात एका होणाऱ्या बापाला मी नेहमीचं काम दिलं होतं: संध्याकाळी घरभर गुडघ्यांवर रांगायचं आणि जमिनीपासून दीड फुटांपर्यंत जे दिसेल त्याचे फोटो काढायचे. बायकोने खुर्चीत बसून हसायचं. पुढच्या वेळी तो मोबाइल घेऊन आला. सोफ्यामागे उघडी वायर, शोकेसच्या खालच्या कप्प्यात काचेचे ग्लास, टीव्हीमागे दोन सेल, आणि फ्रिजखाली, भिंतीला चिकटून, मागच्या वर्षी उंदरांसाठी ठेवलेली औषधाची अर्धी वडी. ती तिथे आहे हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. ती काढून नीट गुंडाळून टाकली का, हातमोजे घातले होते का, हे विचारून घेतलं आणि त्याला सासूरवाडीच्या घराचेही फोटो काढून आणायला सांगितलं. पहिले तीन महिने बाळ तिथे असणार आहे.